जुनी चाल

"अहो, डावा पाय ओढायचे ना मी?" कुमुदताईंनी कुजबुजत विचारलं.

विमानतळाच्या दाराने त्यांना दोनदा नाकारलं होतं. हल्ली दारं चेहरा बघत नसत, फक्त चाल ओळखत. 'विश्वासू प्रवासी' म्हणून त्यांनी अर्ज केला, तेव्हाच त्यांची चाल नोंदवून घेतली होती. मंजुरी यायला सात वर्षं लागली. तोवर गुडघा नवा बसला आणि लंगडणं गेलं. आता तिसऱ्यांदा चुकलं की पुन्हा नवा अर्ज. आणि तिकडे सिंगापुरात उद्या मुग्धाचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, हृदयाचं ऑपरेशन होतं.

"डावाच. आणि खांदा असा झुकायचा," शरदराव म्हणाले. त्यांचा स्वतःचा अर्ज अजून पडूनच होता.

"बरं आठवतं तुम्हाला!"

"तुझी नक्कल करून आयुष्यभर बोलणी खाल्लीत. बघ नीट."

शरदराव लंगडत चार पावलं पुढे गेले. दार उघडलं.

"स्वागत आहे, कुमुद धारप."

दचकून ते आत सरकले आणि दार मिटलं. आतल्या पहारेकऱ्याने मान वर केली. शरदराव मागे वळणार, तोच कुमुदताईंनी काचेला तोंड लावलं.

"वळू नका! मुग्धा भेटेपर्यंत सरळ चालायचं नाही."

शरदरावांनी पाठमोरं राहूनच मान हलवली आणि डावा पाय ओढत ते पुढच्या दाराकडे निघाले.

"अहो," कुमुदताईंनी काचेवर टकटक केली, "खांदा!"