परक्या माशाचं बी

परक्या माशाचं बी तळ्यात सोडलं ते म्हाताऱ्या कोळ्यानेच. झटपट वाढतो, म्हणाला. वाढला खरा; पण तळ्यातल्या साऱ्यांची अंडी-पिल्लं गिळून. आता जाळ्यात दुसरं काही येत नाही, आणि काठावरचे बेडूकही मुके झाले आहेत.

आज सून दारात मासे कापायला बसली, तर टोपलीतल्या सगळ्यांची तोंडं म्हाताऱ्याकडे.

“मामंजी, लेकरं बापाला ओळखतात बघा.”

म्हातारा हसला नाही. उठून दुसऱ्या बाजूला बसला. जरा वेळाने पाहिलं, तर तोंडं पुन्हा त्याच्याचकडे.

“तू फिरवलीस?”

“मला तेवढंच काम उरलंय.”

तिने चिडून एकेकाचं मुंडकं उडवलं आणि परातीत टाकलं. मुंडकी उलटीसुलटी, कशीही पडली. ती हात धुऊन आली, तेव्हा म्हातारा परातीवर वाकला होता.

“आता माझ्याकडे नाही बघत गं,” तो सुटल्यासारखा म्हणाला.

सगळी मुंडकी आतल्या खोलीकडे वळली होती. तिथे तिचं तान्हं झोपलं होतं. पाळणा अजून हलत होता, आणि त्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर परातीतली तोंडं उघडत होती, मिटत होती.