दुसरी बॅटरी

काल दुसरी नवी बॅटरी बसवली आणि आज सकाळी फियाट पुन्हा ढिम्म. ढुंढिराजपंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानदाराचा उद्धार झाला, मिस्त्रीचाही झाला. मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिलं.

"गुरुजी, बैटरी ठीक है. तार रोज कोई ढीला कर जाता है."

सडकेवरच्या पोरांना शिव्या हासडत पंत गल्लीतून घरी आले. त्यांच्या पत्नी शरदिनीबाई नुकत्याच गंगास्नान करून परतल्या होत्या. तीर्थासाठी पंतांनी तांब्या उचलला, तर तो बोटांना चिकटला. ग्रीस. बाईंनी परडी खाली ठेवली, तसा फुलांखाली पाना खणकला.

"तू?" पंत गरजले.

"मीच. गेल्या आठवड्यात समोरची रिक्षा दिसली नाही तुम्हाला. बॅटरी नवी आणाल, डोळे कुठून आणाल?"