तळाच्या फळीचा बोल्ट

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून गोठ्यात उभी केलेली बापाची मोटार जानराव पुन्हा चालू करायला निघाला होता. पण तळाच्या फळीचा गंजलेला बोल्ट सुटता सुटेना. वरून नट फिरवला की खाली बोल्टही फिरे. घासलेट ओतून झालं, हातोडा मारून झाला, बोटं सोलली. "मोठ्या भाऊजीले बलवा, खालून कोणी धरल्याबिगर निघनार नाही," बायको म्हणाली. वाटणीपासून भावाभावांत बोलणं नव्हतं. "मोटार भंगारात देईन, पन त्याले बलवनार नाही!" जानराव ओरडला आणि त्याने हातोडा भिंतीवर फेकला. भिंतीपलीकडून थोरला उकंडराव आला. "दुपारी झोपू बी देत नाही हा," म्हणत तो पकड घेऊन मोटारीखाली शिरला. "फिरव!" जानरावने सगळा जोर लावला. करकरत नट सुटला. उकंडराव बाहेर निघाला नाही. खालूनच त्याने विचारलं, "आता कोणता काढाचा?"