खडूच्या फुल्या

स्वर फेकून शत्रूला पाडलं, की तोच स्वर निन्जाच्या स्वतःच्या कानांतून कायमचा जायचा. म्हणून मोहिमेवरून परतलेल्या सुगंधाला पाठमोरी बसवून बर्वे गुरुजी पेटीची एकेक पट्टी दाबत होते. ऐकू आलं की तिने बोट उचलायचं. नाही उचललं, तर पट्टीवर खडूची फुली. आज वरच्या सगळ्या पट्ट्यांवर फुल्या पडल्या. तिच्या लेकीचा, चिमीचा आवाज त्याच पट्ट्यांतला. सुगंधाने चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही.

"आता चिमी मागून हाक मारेल," गुरुजी रिवाजाप्रमाणे म्हणाले.

मानेवर चिमीचा ऊबदार श्वास जाणवला. सुगंधाने लगेच बोट उचललं.

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला.

"सुगंधा, तिने अजून हाक मारलीच नाही."

सुगंधाने बोट खाली घेतलं नाही.