बाबांच्या उजव्या हातातलं घड्याळ

बाबांचं घड्याळ सेलवर नाही, हाताच्या हालचालीवर चालतं. काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला, तरी रोज अंग पुसून झालं की आई ते त्याच हातात बांधते आणि म्हणते, "बघा, चालू आहे. हात हलतोय तुमचा."

ती अंग पुसत असते, तेवढ्यात मी काढलेलं घड्याळ गुपचूप जोरजोरात हलवून ठेवते.

मध्ये आठवडाभर कामासाठी परगावी होते. परत आले तर घड्याळ चालू! तशीच स्वयंपाकघरात धावले. "आई, बाबांचा हात खरंच हलला गं!"

आई भांडी विसळत होती. तिने मानही वर केली नाही.


"तू नव्हतीस ना, म्हणून मीच हलवत होते."