बुटाची नाडी

वायट जन्मभर बेसबॉल खेळलेला. टेक्सासच्या नव्या क्रिकेट लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्यानं चेंडू टोलवला, सवयीनं बॅट फेकून पळाला आणि बॅटभर अंतरानं धावबाद झाला. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर कॅप्टननं बुटाची नाडी काढली. “हात पुढे कर, बाळा,” म्हणत बॅट वायटच्या मनगटाला बांधली. “आता नाही हरवायची!” पोरं पोट धरून हसली. पुढच्या हंगामात वायट समोरच्या संघात, खिशात तीच नाडी. शेवटच्या चेंडूवर कॅप्टनच्या संघाला दोन धावा हव्या होत्या. कॅप्टन चेंडू वायटकडे टोलवून ओरडला, “दोन आहेत रे, तिकडे बॅटफेक्या उभाय!” वायटनं सीमारेषेवरून बेसबॉलनं कमावलेल्या हातानं चेंडू फेकला आणि यष्ट्या उडाल्या. कॅप्टन क्रीजआधीच पालथा, बॅट हातातून निसटलेली. वायट सावकाश चालत आला. बॅट उचलून त्यानं खिशातून नाडी काढली. “हात पुढे कर, बाळा.”