निरोपाची बाटली

अंगाला धुराचा वास घेऊन काका घरी आले, की काकू दारातच विचारायची, "सगळे वाचले ना?" आज फायर ब्रिगेडमधला काकांचा शेवटचा दिवस. सकाळी निघताना ते म्हणाले, "आजपासून धूर बंद, आणि तुझा तो प्रश्नही बंद."

नशिबाने दिवसभर घंटाच वाजली नाही. संध्याकाळी स्टेशनवरच्या पोरांनी निरोपाची स्कॉच काढली. काका तसे शौकीन, पण लेबलावरचा स्कॉटलंडमधला प्रदेश बघूनच बाटली घ्यायचे. लोलँड, स्पेसाइड, अशी गोडसर, फुलांच्या वासाची. धुराच्या वासाची त्यांनी कधी घरात येऊ दिली नव्हती.

"आयला!" बंबाच्या ड्रायव्हरने लेबल वाचलं. "शिवी नाही काका, बेटाचं नाव आहे. तिथली व्हिस्की एकदम धुरकट. जन्मभर धूर खाल्लात, म्हटलं तुम्हाला हीच शोभेल!"

एवढ्या हौसेने आणलेली, मोडता कसा घालणार? काकांनी औषधासारखे दोन पेग घशाखाली ढकलले.

घरी काकूने हसतच दार उघडलं. "आलात? सुटलात बाई एकदाचे!"

मग तिने श्वास घेतला, आणि हळूच विचारलं, "सगळे वाचले ना?"